न ताणलेलं नाव

बाई गेल्याची बातमी मला एका ऑर्डरमधून कळली. कुणाचा फोन नाही, मेसेज नाही. कतारमध्ये, दोह्यातल्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या साइनबोर्डच्या दुकानात सकाळी मर्विनने कॉम्प्युटरवर नवी फाइल उघडली, चहाचा कप बाजूला सरकवला आणि म्हणाला, "ए मुनाफ, इकडे ये. बघ, लग्नाचं स्टेज वाटतं ना?" मर्विन वसईचा. आमच्याकडे फायली तो बघतो, अक्षरं कापायचं आणि भिंतीवर बसवायचं काम माझं. मी गेलो. पडद्यावर सगळं सोनेरी होतं. एका कोपऱ्यात उडतं कबूतर, दुसऱ्या कोपऱ्यात मेणबत्ती, आणि मधोमध एक नाव, चार मीटरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं, दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या बनियनसारखं. मी हसलो. मला इंग्रजी सावकाश वाचता येतं, त्यामुळे हसू आधी आलं. मग नावाखाली दोन सालं दिसली आणि त्यांच्या मधे आडवी रेघ. तसल्या रेघा मी पुष्कळ कापल्या आहेत, ती कशाची असते ते वाचावं लागत नाही. तेव्हा कुठे नाव वाचलं. एम, ए, आर... पुढचे आय आणि जे एकमेकांपासून इतके लांब उभे, जणू दोघांचं भांडण झालंय. मराइके. आमच्या बाई.

हसलो त्याची लाज अजून गेलेली नाही.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाने पेपरच्या पुरवणीत लिहावं का, असं मला फार वाटत होतं, अजून वाटतंय. शब्द चुकला तर हसतील, आणि इथल्या कुणी वाचलं तर माझ्या नोकरीचं काय, हेही मनात आहेच. पण बाई गेल्यावर त्यांच्याबद्दल शिकलेली माणसं जे बोलली ते मी भिंतीच्या मागे उभं राहून ऐकलंय. एवढ्या पदव्या घेऊन माणसं एवढं खोटं बोलत असतील, तर मीही माझ्या नववीवर चार खऱ्या गोष्टी लिहायला हरकत नाही.

मराइके बाई हॉलंडच्या. दोह्यातल्या एका कॉलेजात मुलींना अक्षरांचं, पोस्टरांचं, पुस्तकं मांडायचं काम शिकवायला आल्या आणि अकरा वर्षं राहिल्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा श्रीवर्धनकडच्या गावातून इथे येऊन मला वर्षच झालं होतं. उंच, हाडकुळ्या, पांढरे केस पोरासारखे कापलेले, आणि काखेत आम्हीच बनवलेला एक बोर्ड. दारातूनच त्यांनी विचारलं, "हे कुणी ताणलं?" आमचे मॅनेजर इब्राहिमभाई चिपळूणचे, आता इथे बावीस वर्षं झालेले. गिऱ्हाईक रागावलेलं दिसलं की त्यांना हटकून गोडाउनमध्ये काम निघतं. त्यांनी मला पुढे ढकललं.

"मॅडम, फाइल अप्रूव्ह होती," मी म्हणालो.

"कुणी अप्रूव्ह केली? गाढवाने?"

मागून इब्राहिमभाई हळूच पुटपुटले, "गाढवाचा नाव विचारू नको, हो म्हण."

"हो मॅडम," मी म्हणालो.

(बाई इंग्रजीत बोलायच्या, मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि हिंदीत. इथे सगळं मराठीत लिहितोय. तिखटपणा कमी पडला तर तो माझा दोष.)

ताणणं म्हणजे काय ते सांगतो. बोर्ड लांब असतो, नाव छोटं असतं. मग कॉम्प्युटरवर नावाचा कोपरा माउसने धरायचा आणि ओढायचं. बोर्ड भरला, गिऱ्हाईक खूश. पण अक्षराच्या उभ्या काठ्या खांबासारख्या जाड होतात, आडव्या तशाच बारीक राहतात, गोल ओ असेल तर त्याचं चेपलेलं अंडं होतं. दोह्यातले निम्मे बोर्ड असे आहेत आणि त्यातले बरेच मी स्वतःच्या हाताने लावलेत. बाईंनी मला विचारलं, "तुझ्या आईचा फोटो चौकटीत नीट बसत नसेल, तर चौकट भरायला तिचे गाल ओढशील?" मी म्हणालो, नाही. "मग याचे का ओढलेस?" बाईंनी बोर्ड उलटा केला, म्हणजे डोकं खाली पाय वर, आणि भिंतीला टेकवला. "आता सांग, भोक कुठे आहे?" मी बघितलं. उलटं केल्यावर ते नाव राहिलं नव्हतं, नुसते काळे आकार होते आणि त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागा. तिसऱ्या आणि चौथ्या आकारामधे पडलेल्या दातासारखी खिंड होती. मी तिथे बोट ठेवलं. बाई माझ्याकडे वळल्या.

"वाचता येतं?"

"सावकाश."

"शाळा?"

"नववी... पूर्ण नाही." मला वाटलं, झालं. आता या बाई मालकाला सांगणार, असल्या माणसाला अक्षरांच्या कामाला ठेवलंय म्हणून.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात हे भोक दाखवायला मला सहा महिने लागतात. कारण मुली वाचत बसतात. वाचणारा माणूस आंधळा असतो. तू वाचू नकोस. बघ."

माझ्या नववीला जन्मात पहिल्यांदा कुणी उत्तम म्हटलं होतं.

त्यानंतर कॉलेजचं कुठलंही काम असलं की बाई स्वतः यायच्या आणि मलाच बोलवायच्या. मी मॅडम म्हणायचो ते त्यांना आवडायचं नाही. "मॅडम लोक फायलींवर सह्या करतात," म्हणाल्या. मग तुमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला काय म्हणतात ते विचारलं, आणि त्या दिवसापासून त्या बाई झाल्या. स्वतःची माहिती त्यांनी कधी सलग सांगितली नाही. रागाच्या तुकड्यातुकड्यांनी सांगितली. कुठला तरी बोर्ड दिसायचा, चिडायच्या, आणि त्या चिडण्यातून एखादी गोष्ट निघायची. त्यांचे काका कालव्यातून माल नेणाऱ्या बोटींवर नावं रंगवायचे. नाव रंगवून झालं की काका काठावर यायचे आणि बोटीकडे न बघता खाली पाण्यात बघायचे. पाण्यात नाव उलटं पडायचं, आणि कुठली दोन अक्षरं उगाच लांब गेलीत ते तिथे लगेच दिसायचं. उलटं बघायची ती सवय बाईंनी तिथून उचलली. पुढे कला शिकायला गेल्या तर तिथले मोठे सर म्हणाले, मुलींचा हात नाजूक असतो, तुम्ही पुस्तकांवर फुलं काढा, अक्षरं पुरुषांना जमतात. बाईंनी काय करावं? सरांच्या दारावर त्यांच्या नावाची पितळी अक्षरांची पाटी होती. सुट्टीत गुपचूप ती अक्षरं काढली, मधली अंतरं नीट केली आणि परत लावली. "वर्षभर!" बाई टेबलावर हात आपटून म्हणायच्या. "वर्षभर तो माणूस त्या दारातून आत-बाहेर करत होता, मुनाफ. स्वतःचं नाव होतं, आणि त्याला कळलं नाही!" ही गोष्ट त्यांनी मला निदान दहादा सांगितली असेल, आणि दरवेळी त्यांना ती तेवढीच ताजी चीड आणायची.

मग त्यांनी वीस वर्षं नोकरी केली ती सरकारी फॉर्म, बसचं वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असल्या कामांची. बरोबरीचे पुरुष पोस्टरं काढायचे, बक्षिसं घ्यायचे, त्यांचे फोटो छापून यायचे. बाईंना बक्षिसांची अशी किळस होती की बक्षीस हा शब्दच त्या तोंड वाकडं करून उच्चारायच्या. "पोस्टर कुणी वाचलं नाही तर कुणी मरत नाही," म्हणायच्या. एका गोष्टीचा तेवढा त्यांना अभिमान होता. औषधाच्या चिठ्ठीवर किती गोळ्या घ्यायच्या त्या आकड्याभोवती त्यांनी रिकामी जागा मागितली होती. साहेब म्हणाला, कागद वाया जातो. बाई चार महिने भांडल्या आणि ती जागा मिळवली. "म्हातारी माणसं मंद उजेडात ती चिठ्ठी डोळ्याजवळ धरतात. माझं नाव त्यांना माहीत नाही. त्यांना आकडा दिसतो. खलास." इथे आल्यावर चार अरबी शब्द शिकल्या त्यातला खलास त्यांचा लाडका. त्या नोकरीनंतर तिकडे एका शाळेत शिकवलं, पण कॉम्प्युटर आल्यावर शाळेने अक्षरांचा वर्गच बंद केला, आता मशीन सगळं करतं म्हणून. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या बाई बॅग भरून कतारला आल्या. मशीन काय करतं ते त्यांना आमच्या दुकानात बघायला मिळालं.

एकदा त्यांनी अख्खा वर्ग आमच्या दुकानात आणला. बाहेर गाड्यांची रांग, ड्रायव्हर, आणि आत अकरा मुली, उंची अत्तरांचा वास, इब्राहिमभाईंची नुसती पळापळ. बाईंनी मुलींना जमिनीवर बसवलं आणि अक्षरं कापलेल्या व्हाइनलच्या चिकट कागदातला नको तो भाग नखाने सोलून काढायला लावला. ते काम आम्ही दिवसभर करतो. एका मुलीचं नख तुटलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणाल्या, "छान. आता तू छोट्या अक्षरात लिहिताना दोनदा विचार करशील." मग माझा खांदा धरून मला सगळ्यांपुढे उभं केलं आणि म्हणाल्या, हा माणूस तुमच्यापेक्षा चांगला बघतो. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला कौतुकाचीही भीतीच वाटते. या मुलींच्या वडिलांपैकी कुणी तक्रार केली तर, माझा व्हिसा तर, असे विचार तिथे उभ्या उभ्या डोक्यात फिरत होते. बाईंना ते कळलं असावं. जाताना म्हणाल्या, "घाबरायचं तर खराब कामाला घाबर. माणसांना काय घाबरतोस, त्यांना दिसत नाही."

एका शुक्रवारी मी त्यांना अल रुवैसला घेऊन गेलो होतो, पार उत्तरेला, जिथे मच्छीमारांच्या बोटी लागतात. दोह्यातल्या बड्या बड्या इमारतींवरची अक्षरं बघून नाक मुरडणाऱ्या बाई तिथे एका जुन्या लाकडी बोटीपुढे तासभर बसल्या. बोटीवर कुणी तरी ब्रशने नंबर घातला होता, साधा, हाताने. बाई पाण्यात बघत होत्या. पाणी हललं की थांबायच्या, स्थिर झालं की परत बघायच्या. "हे बघ," म्हणाल्या, "याला कुणी शिकवलं नाही, याला कुणी अप्रूव्ह केलं नाही." बोटीवरचा म्हातारा आम्हाला बघून हसला, त्याने वाटी भरून खजूर दिले. एवढ्या वर्षांत मी बाईंना कुणाच्या कामाची अशी स्तुती करताना दोनदाच ऐकलं. एकदा त्या नंबरची, आणि एकदा... ते राहू दे, माझंच काम होतं.

चार वर्षांमागे कॉलेजने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. पत्रात लिहिलं होतं, संस्थेला आता नव्या दृष्टीची गरज आहे. बाई ते पत्र घेऊन दुकानात आल्या, काउंटरवर उलटं ठेवलं आणि म्हणाल्या, "बघ. मला काढून टाकायचं पत्रसुद्धा यांना नीट मांडता आलं नाही." खाली सही मोठ्या साहेबांची. त्या साहेबांना मी ओळखतो, म्हणजे त्यांच्या केबिनच्या दारावरचं नाव मीच बसवलंय. ताणलेलं आहे. त्यांच्या हुकमावरून आहे.

हॉलंडला गेल्यावर बाई मला फोटो पाठवायच्या. तिथल्या दुकानाची पाटी, एखाद्या टेंपोवरचं नाव, चर्चबाहेरची सूचना, जे काही वाईट दिसेल ते. खाली एकच शब्द, बघ. मी इथून अल मन्सूरातल्या हॉटेलांचे बोर्ड पाठवायचो. आमचं बोलणं म्हणजे हेच. तब्येत कशी, जेवलात का, असं मी कधी विचारलं नाही. मोठ्या माणसाला असं विचारायचा मला संकोच वाटायचा आणि त्यांना ते आवडलं नसतं असं मी धरून चाललो होतो. त्यांचा शेवटचा फोटो आला तो एका लांब, पांढऱ्या पॅसेजचा. भिंतीवर बाण, त्यापुढे त्यांच्या भाषेतला एक मोठा शब्द, भयंकर ताणलेला. खाली लिहिलं होतं, "बघ. याने वाट सापडेल का कुणाला?" मी हसणारी तीन तोंडं पाठवली. वर लिहिलं, बाई, हा आमच्या दुकानातला माणूस तिकडे आला वाटतं. त्यावर उत्तर आलं नाही. मी वाट बघितली, मग कामात विसरलो. ऑर्डर आली त्या सकाळी मी तो फोटो मर्विनला दाखवला. त्याने फोनवर तो शब्द भाषांतराला टाकला, फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "मुनाफ, हा हॉस्पिटलचा वॉर्ड आहे रे. कॅन्सरचा."

अक्षरं किती ताणली आहेत ते मी बरोबर बघितलं होतं. कुठे भोक पडलंय तेही सांगितलं असतं. काय लिहिलंय एवढंच बघितलं नाही.

आता ऑर्डरबद्दल. कॉलेजने बाईंच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवला होता आणि सगळं एका इव्हेंट कंपनीकडे दिलं होतं. चार मीटरची भिंत, वर सोनेरी अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, बाजूला कबूतर आणि मेणबत्ती. फाइलवर अप्रूव्हडचा शिक्का. आमच्या दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम हा, की अप्रूव्ह झालेल्या फाइलला हात लावायचा नाही. एका कारागिराने मागे एका बोर्डावरचा फोन नंबर स्वतःच्या अकलेने दुरुस्त केला. आधीचाच बरोबर होता. महिन्याभरात तो विमानात बसला. माझं इथल्या मुक्कामाचं ओळखपत्र त्याच आठवड्यात नव्याने व्हायचं होतं, कागद मालकाच्या टेबलावर. म्हणजे एका बाजूला ते कागद आणि दुसऱ्या बाजूला बाईंचं नाव, ज्या बाईंनी उभा जन्म ताणलेल्या अक्षरांना शिव्या देण्यात घालवला त्यांचंच. ते मी माझ्या हाताने ताणून भिंतीवर ठोकायचं, आणि त्याला श्रद्धांजली म्हणायचं!

मी घरी फोन केला. रुकय्या, माझी बायको, शांतपणे ऐकून घेते आणि मग नेमकं बोलते. म्हणाली, "बाईचा नाव ताणला तं बाईला दुखनार हाय काय? तुझी नोकरी गेली तं आमाला दुखल." बरोबरच होतं. मग तीच म्हणाली, "गप का झालास? ...काय करशील तं वाईच नीट बघून कर."

मी पहिल्यांदा अप्रूव्ह झालेली अक्षरं कापली. सगळी, जशी दिली तशी. तेवढा भित्रा मी आहे, लपवत नाही. मग शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दुकान रिकामं असताना तीच फाइल पुन्हा उघडली. बाईंच्या आडनावात दोन ओ होते. नाव दोन्ही बाजूंनी आत आणत गेलो, आणत गेलो, चेपलेली अंडी जेव्हा गोल झाली तिथे थांबलो. आय आणि जे जवळ आणले. बाईंनी मागे सांगितलं होतं, आमच्या भाषेत ही दोन अक्षरं पाठीला पाठ लावून एकाच खुर्चीवर बसतात. आता नाव अडीच मीटरचं झालं, दीड मीटर जागा रिकामी. भिंतीवर अक्षरं बसवायला आम्ही कागदाचा पूर्ण मापाचा फर्मा काढतो. तो काढला, उलटा टांगला आणि बघत उभा राहिलो. एक जागा अजून खटकत होती. केसाएवढं सरकवलं. सोनेरी मात्र सोनेरीच राहू दिलं. रंग बदलायची छाती नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडीत दोन पार्सलं ठेवताना इब्राहिमभाईंनी पाहिलं.

"दोन काय रे?"

"स्पेअर, भाई."

"नावाचा स्पेअर?" त्यांनी एका पार्सलचं टोक उघडलं, आतला ओ बघितला. मग दुसऱ्याचं उघडलं, तोही ओ बघितला. बावीस वर्षं या धंद्यात आहेत, कळलं नसेल असं नाही. टोक पुन्हा बंद केलं, वरून टेप मारला आणि म्हणाले, "मी आज गोडाउनमधे हाय. मला काय दिसला नाय."

कॉलेजच्या हॉलमध्ये मी सवयीने फर्मा आधी उलटा धरला, तर इव्हेंट कंपनीचा सुटातला माणूस धावत आला. "उलटं! उलटं लावतोयस! यल्ला, लवकर, पाहुणे येतील!" मी सुलट केला, भोकं पाडली, अक्षरं बसवली, न ताणलेली. शिडीवरून उतरलो. तो माणूस भिंतीपुढे उभा राहिला, एका हातात फोन, फोनवर अप्रूव्ह झालेलं चित्र. फोन बघितला, भिंत बघितली. पुन्हा फोन, पुन्हा भिंत. अडीच मीटर आणि चार मीटर. मी मनात सामान भरायला लागलो होतो, मुलीसाठी घेतलेली कंपासपेटी कुठल्या खिशात ठेवायची इथपर्यंत.

"कबूतर थोडं वर घे," तो म्हणाला.

मी कबूतर वीतभर वर घेतलं.

"परफेक्ट," म्हणाला, आणि फोटो काढून पाठवून दिला.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं... या माणसासाठी! त्या डच सरांच्या दाराची गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा पुरती समजली. बाई ती सांगताना दरवेळी एवढ्या का चिडायच्या, तेही. पकडलं गेलो नाही याचा आनंद होतो, नाही असं नाही. पण तो आनंद अर्धा मिनिट टिकतो. मग कळतं, की ताणलेलं लावलं असतं तरी याने परफेक्टच म्हटलं असतं.

अक्षर पडलं तर चिकटवायला माणूस लागतो, म्हणून मला भिंतीच्या मागे थांबवलं होतं. तिथून भाषणं ऐकली. बाईंना काढून टाकणारे मोठे साहेब म्हणाले, त्या आमच्या कुटुंबातल्या होत्या. कुणी म्हणालं, त्यांनी आयुष्यात रंग भरले. बाईंनी काळ्यावाचून दुसरा रंग वापरलेला मी पाहिला नाही. एकाने त्यांना मागून कधी तरी मिळालेल्या बक्षिसांची यादी वाचली, ज्या गोष्टीची त्यांना किळस होती तिचीच. औषधाच्या चिठ्ठीबद्दल एक शब्द नाही. आणि एक बाई गहिवरून म्हणाल्या, मराइके नेहमी हसतमुख असायच्या. हसतमुख! मी हातातला ड्रिल घट्ट धरून उभा राहिलो. मेलेलं माणूस उठून बोलत नाही, याचा लोक किती फायदा घेतात. नाव ताणायचं राहिलं तर माणूसच ताणून घेतात, त्यांच्या भिंतीवर बसेल एवढा.

सगळे खायला गेल्यावर एक जण मागे राहिली. काळ्या पायघोळ अबायातली, तिशीतली, कतारी. ती नावापुढे उभी राहिली, मान एका बाजूला वाकवत गेली, इतकी की डोक्यावरची ओढणी घसरली. तिने ती एका हाताने धरली आणि तशीच वाकडी होऊन बघत राहिली. मला तेव्हा ओळख पटली, नख तुटलेली ती हीच. सरळ होऊन ती माझ्याकडे वळली.

"हे तुम्ही लावलंत?"

मी घाबरलोच. "अप्रूव्हड फाइल आहे, मॅडम."

"अच्छा," ती म्हणाली. "कुणी अप्रूव्ह केली?"

मी ड्रिल या हातातून त्या हातात घेतला. तिने नावाच्या उजवीकडच्या रिकाम्या जागेवर तळहात ठेवला, आभाराचं शुक्रन म्हणाली आणि गेली.

तीन दिवसांनी भिंत उतरवली. सुटातला म्हणाला, सगळं फेकून दे. ताणलेला सेट दुकानात भंगारात गेला. त्यातला एक ओ इब्राहिमभाईंनी चहाखाली ठेवायला घेतलाय, दोन कप मावतात म्हणतात. दुसरा सेट मी फरीज बिन ओमरानला माझ्या खोलीवर नेला. आम्ही चौघं राहतो, माझ्या वाट्याला पलंग आणि त्यावरची भिंत. नाव तिथे मावलं नाही, आडनाव खाली दुसऱ्या ओळीत घ्यावं लागलं. पहिल्यांदा उलटं लावलं, बाईंनी तसंच लावलं असतं. अंतरं बरोबर होती, भोक कुठेच नव्हतं. मग पलंगावर बसून फोनमधला तो पांढऱ्या पॅसेजचा फोटो उघडला, खालची माझी हसणारी तीन तोंडं बघितली. उठलो, एकेक अक्षर काढलं आणि सगळं सुलट लावलं.

तसंच आहे. दुकानातली बाकी सगळी कामं मी अजून उलटी धरून बघतो. हे एक नाव फक्त वाचायचं. परवा खोलीतला नवा मुलगा, माणगावचा, कामावरून आला, बूट काढता काढता भिंतीकडे बघून एकेक अक्षर जुळवायला लागला. चुकला, पुन्हा सुरुवात केली. मी त्याला सांगितलं नाही, त्याचं त्याला वाचू दिलं. मग म्हणाला, "मराइके... मुनाफभाई, ही कोण?"

मी पलंगावर जरा सरकलो, त्याला बसायला जागा केली.